शेवटच्या धावपटूची तयारी : बांबोळीच्या रिले शिबिराचे परीक्षण

गोव्यातील बांबोळीच्या ॲथलेटिक्स स्टेडियमवर शालेय संघांसाठी शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे रिले शिबिर झाले. रिले म्हणजे चौघांनी बॅटन, म्हणजे हातात धरायची आखूड नळी, एकमेकांकडे सोपवत आळीपाळीने धावायची शर्यत. फोंडा तालुक्यातील आमच्या हायस्कूलचे मुलगे आणि मुली असे दोन्ही संघ त्यात सहभागी झाले होते आणि क्रीडाशिक्षक या नात्याने मी दोन्ही दिवस ट्रॅकच्या कडेला उभा राहून सारे पाहत होतो. काही उणिवांविषयीही लिहायचे असल्यामुळे आयोजकांचे नाव येथे देत नाही. मात्र शेवटचा टप्पा धावणाऱ्या खेळाडूला, म्हणजे ज्याला सगळे ‘अँकर’ म्हणतात त्याला, इतक्या बारकाईने शिकवणारे शिबिर माझ्या पाहण्यात दुसरे नाही, आणि केवळ तेवढ्यासाठीही भरलेले शुल्क सत्कारणी लागले असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे तालुका पातळीच्या स्पर्धेपूर्वी संघाचा क्रम ठरवताना फारसा विचार होत नाही. शंभर मीटरमध्ये जो पहिला येतो त्याला शेवटी ठेवायचे, ज्याचा स्टार्ट चांगला त्याला पहिला टप्पा द्यायचा आणि उरलेल्या दोघांना मध्ये बसवायचे, ही पद्धत सर्रास चालते. शिबिराच्या मुख्य प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच प्रत्येक संघाला शेवटी कोण धावणार आणि का, असे विचारले. बहुतेकांचे उत्तर अपेक्षेप्रमाणे ‘सर्वांत वेगवान’ असेच आले. त्यावर त्यांनी व्याख्यान न देता पडद्यावर दोन शर्यती दाखवल्या. पहिली २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची होती. तिच्यात शंभर आणि दोनशे मीटर जिंकलेला उसेन बोल्ट तिसऱ्या टप्प्यात वळणावर धावला आणि शेवटचा टप्पा असाफा पॉवेलकडे होता, जमैकाने ३७.१० सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. (संघातील नेस्टा कार्टर उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने ते सुवर्णपदक पुढे २०१७ मध्ये काढून घेण्यात आले, हेही प्रशिक्षकांनी मुलांपासून लपवले नाही.) दुसरी शर्यत २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची. इटलीचा मार्सेल जेकब्स शंभर मीटरचा विजेता असूनही दुसऱ्या टप्प्यात धावला, शेवटी फिलिप्पो टोर्टू होता, आणि त्याने ब्रिटनला अवघ्या एक शतांश सेकंदाने मागे टाकून ३७.५० सेकंदांत सुवर्ण मिळवून दिले. एकच वेगवान धावपटू कुठे ठेवायचा याचा निर्णय संघागणिक बदलतो, हे मुलांना या दोन चित्रफितींतून जितके पटले तितके माझ्या सांगण्याने पटले नसते.

त्यामागचे कारणही नीट समजावण्यात आले. चार बाय शंभर मीटरमध्ये, म्हणजे चौघांनी प्रत्येकी शंभर मीटर धावायच्या शर्यतीत, पहिला धावपटू बॅटन फक्त देतो, शेवटचा फक्त घेतो, आणि मधल्या दोघांना घेणे व देणे ही दोन्ही कामे करावी लागतात. शिवाय बॅटन घेण्यापूर्वीची धाव धरली तर सर्वांत जास्त अंतर मधलेच दोघे कापतात. म्हणून वेग असलेला पण बॅटन देताना गडबडणारा खेळाडू शेवटी चालतो, आणि वेगाबरोबर हातही सफाईदार असलेला खेळाडू दुसऱ्या टप्प्यात अधिक उपयोगी पडतो. या हिशोबाने आमच्या मुलींच्या संघातील सर्वांत वेगवान मुलगी दुसऱ्या टप्प्यात गेली, आणि दोनशे मीटर धावणारी, लांब ढांगा पडणारी, शेवटच्या वीस मीटरमध्येही खांदे न आखडणारी मुलगी अँकर झाली. पहिल्या मुलीचा चेहरा थोडा वेळ उतरला होता, हे खरे. पण दुपारपर्यंत दोघींना आपापली जागा मान्य झाली होती.

शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग शनिवारच्या सकाळी झाला. नियमानुसार चार बाय शंभरमध्ये बॅटन बदलण्याचे क्षेत्र आता तीस मीटरचे असते आणि त्या तीस मीटरच्या आतच बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागते. येथे पाय कुठे आहेत हे पाहिले जात नाही, बॅटन कुठे आहे हेच पाहिले जाते. शेवटचा धावपटू क्षेत्राच्या सुरुवातीला, लेनच्या बाहेरच्या अर्ध्या भागात उभा राहतो, कारण तिसरा धावपटू वळणावरून उजव्या हातात बॅटन घेऊन लेनच्या आतल्या कडेने येतो आणि शेवटच्याला ते डाव्या हातात घ्यायचे असते. त्याच्या मागे काही अंतरावर, पावलाला पाऊल लावून मोजलेल्या जागी, चिकटपट्टीची एक खूण असते. येणाऱ्या धावपटूचा पाय त्या पट्टीवर पडला की अँकरने मान पुढे वळवून पूर्ण ताकदीने निघायचे आणि पुन्हा मागे पाहायचे नाही.

हे वाचायला सोपे वाटते, पण ‘मागे पाहायचे नाही’ हीच गोष्ट मुलांना सर्वांत अवघड जाते. आमची अँकर पहिल्या फेऱ्यांमध्ये निघायची वेळेवर, पण चार पावलांनंतर वेग आवरायची आणि डावा हात मागे नेऊन हवेत चाचपडायची. प्रशिक्षक तिच्या शेजारून धावत होते. त्यांनी बॅटन बाजूला ठेवायला लावले आणि फक्त निघण्याचा सराव घेतला. पट्टीवर पाय पडला की एक सहायक शिटी वाजवी, ती निघे, आणि क्षेत्राच्या शेवटपर्यंत दोन्ही हात नेहमीसारखे हलवत धावे. हे अंगवळणी पडल्यावरच मागून ‘हात’ अशी हाक ऐकून डावा हात मागे नेणे, तळवा उघडा आणि स्थिर ठेवणे, आणि बॅटन स्वतः शोधायला न जाता ते हातात येऊ देणे, हा भाग जोडला. हाक कोकणीत असावी की इंग्रजीत, हे त्यांनी संघांवर सोडले; ती एकाच अक्षरासारखी तुटक आणि मोठी असावी एवढाच आग्रह धरला. दुपारपर्यंत तीच मुलगी वेग न घटवता बॅटन घेऊ लागली. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली जमैकाने ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणजे प्रत्येकी सरासरी ९.२१ सेकंद, आणि बोल्टचा वैयक्तिक विक्रम मात्र ९.५८ सेकंदांचा आहे. चारपैकी तिघांना बॅटन धावत्या वेगात मिळते म्हणून हे शक्य होते, हा हिशोब मुलांनी मग स्वतःच मांडला.

शेवटची बॅटन-बदल चुकली तर काय होते, याचीही उदाहरणे आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असलेल्या जर्मन महिला संघाचे बॅटन शेवटच्या बदलात खाली पडले. २००८ मध्ये अमेरिकेचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ अंतिम फेरीपूर्वीच त्याच बदलात बॅटन गमावून बसले. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी वापरली गेली नाहीत. पडलेले बॅटन ज्याच्या हातून पडले त्यानेच उचलायचे असते, त्यासाठी लेन सोडता येते, पण अंतर कमी होता कामा नये आणि दुसऱ्याला अडथळा होता कामा नये, हा नियम प्रत्यक्ष बॅटन पाडून शिकवला. असा सराव मी अन्यत्र कुठे पाहिलेला नाही आणि तो प्रत्येक शाळेने घ्यावा असे मला वाटते.

आता उणिवांकडे येतो. चार बाय चारशे मीटरच्या वाट्याला रविवारचा जेमतेम तासभर आला, तोही ऊन चढल्यावर. या शर्यतीत अँकरचे काम अगदी निराळे असते. येणारा धावपटू थकून लडखडत येतो, त्यामुळे येथे मागे पाहत, त्याच्या वेगाचा अंदाज घेत, बॅटन जवळजवळ त्याच्या हातातून काढून घ्यावे लागते. त्यातच, आपला साथीदार दोनशे मीटरच्या खुणेवर कितव्या क्रमांकावर आहे त्यानुसार पंच वाट पाहणाऱ्यांना आतून बाहेर अशा क्रमाने उभे करतात, आणि तो क्रम नंतर बदलता येत नाही. आमची मुले नेमकी याच ठिकाणी गोंधळतात. धक्काबुक्की होते, कुणी आतल्या जागेसाठी घुसतो आणि संघ बाद होतो. शिबिरात या रचनेचा एकही सराव झाला नाही, ही मोठीच उणीव आहे.

मागे पडून बॅटन मिळाले तर कसे धावायचे, हा विषय मात्र तेवढ्या वेळातही चांगला हाताळला. संघांना मुद्दाम पुढे-मागे सोडून अँकरला कधी आघाडी तर कधी पिछाडी दिली जात होती. पिछाडीवरचा मुलगा पहिल्या शंभर मीटरमध्येच सारी ताकद उधळतो आणि शेवटच्या वळणावर त्याचे पाय जड होतात, हे सर्वांना दिसले. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत नेदरलँड्सच्या फेमके बोल हिने तिसऱ्या स्थानावरून धावत अगदी शेवटच्या मीटरांत सुवर्ण मिळवले ते सुरुवातीलाच ताकद न उधळता धीर धरल्यामुळेच. त्याच स्पर्धेत अनस, अमोज, अजमल आणि शेवटी राजेश रमेश या भारतीय चौकडीने प्राथमिक फेरीत २ मिनिटे ५९.०५ सेकंदांचा आशियाई विक्रम करून अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे स्थान घेतले, ती चित्रफीत मुलांनी आग्रह करून पुन्हा लावायला लावली.

दुसरी तक्रार साहित्याची आहे. स्पर्धेचे बॅटन गुळगुळीत, पोकळ, २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि साधारण चार सेंटिमीटर जाडीचे असते. शिबिरात काही संघांच्या हाती भरीव लाकडी दांडके आले होते. त्यांची जाडी कमी असल्याने पकड वेगळी बसते, आणि सवय लागलेला हात स्पर्धेच्या दिवशी फसण्याचा धोका राहतो. संघांनी आपले प्रमाणित बॅटन बरोबर न्यावे हे उत्तम. प्रशिक्षकांच्या मानाने मुलांची संख्याही जास्त होती. सत्तरी आणि काणकोणहून पहाटे निघून आलेल्या संघांना दुपारी आपली पाळी येण्यासाठी बराच वेळ बसून राहावे लागले.

पुढचे शिबिर तालुका स्पर्धांच्या आधी घेण्याचा आयोजकांचा विचार आहे. ज्या शाळांचा भर चार बाय शंभरवर आहे त्यांनी अवश्य जावे. मात्र सुटे खेळाडू न पाठवता चौघांसह एक राखीव असा पूर्ण संघ न्यावा, कारण तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूची जोडी एकत्र सराव केल्याशिवाय बसत नाही. चार बाय चारशेसाठी जायचे असेल, तर रविवारची सकाळ पूर्णपणे त्या शर्यतीला देणार का, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे. तशी लेखी विनंती आमच्या शाळेने आयोजकांना केली आहे.