१२ मिलिमीटरचा मॅच कॅरम बोर्ड: नेरूळच्या आमच्या ज्येष्ठांच्या खोलीतला अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. निवृत्तीनंतर कॅरम खेळायची इच्छा असेल तर १२ मिलिमीटर प्लायचा, रुंद चौकटीचा मॅच बोर्डच घ्या. "आता या वयात एवढा महागाचा कशाला, मुलांचा आहे की घरात" हे वाक्य तुम्हाला ऐकायला लागेल. मनावर घेऊ नका. या वयातच चांगल्या बोर्डाची खरी गरज असते, आणि का ते मी नीट सांगणार आहे.

माझी नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात झाली. हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन), समोर नग, पास की रिजेक्ट. निवृत्त झाले तरी वस्तू हातात आली की मोजून बघायची सवय गेली नाही, जाऊही नये असं मला वाटतं. त्यामुळे हे परीक्षण थोडं मापांचं होईल.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी एक खोली आहे. संध्याकाळी पाचनंतर तिथे माणसं जमतात. वर्तमानपत्रं, एक बुद्धिबळाचा पट, आणि कुणीतरी घर बदलताना ठेवून गेलेला एक कॅरम. त्या कॅरमचा प्लाय इतका पातळ की मध्ये पोट आलेलं. पांढरी सोंगटी हळू मारली तर वाटेतच वळायची, जोरात मारली तर चौकटीला लागून तिथेच बसायची. लोक दोन-चार डाव खेळायचे आणि उठायचे. लालबागच्या चाळीतून इथे आलेले एक काका आहेत, बेस्टमध्ये कंडक्टर होते. तरुणपणी गणेशोत्सवातल्या स्पर्धा गाजवलेला माणूस. ते एके दिवशी स्ट्रायकर खाली ठेवून म्हणाले, "बोटं गेली आता आपली, ताई." आणि मग येईनासेच झाले.

मला हे फार लागलं. कारण बोटं गेलेली नव्हती. बोर्ड गेलेला होता. कारखान्यात गेज, म्हणजे तपासायचं मापच, झिजलं तर चांगला नगही रिजेक्ट होतो, तसंच इथे झालं होतं. पण म्हातारा माणूस आधी स्वतःच्या शरीरावर संशय घेतो, वस्तूवर घेत नाही. म्हणून मी वर्गणीची वही काढली.

खरेदी वाशीतल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात केली. ऑनलाइन घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण बोर्ड स्वतः हात लावून बघता आला तर नक्की बघा. मी पर्समध्ये फूटभर स्टीलची पट्टी, व्हर्निअर आणि मेजरटेप घेऊन गेले होते. दुकानातल्या मुलाला आधी आश्चर्य वाटलं, नंतर तोच एकेक बोर्ड काढून देऊ लागला.

पहिली गोष्ट, खेळायची जागा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती चौरस असते, बाजू ७३.५ ते ७४ सेंटीमीटर, आणि प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड हवा. म्हणजे ८ चा बोर्डही नियमात बसतो. मग १२ का? खाडीकाठच्या हवेमुळे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातले कपडे ओलसर लागतात. प्लाय पाणी पितो आणि वाकतो, आणि जाड प्लाय कमी वाकतो. १६ आणि २० मिलिमीटरचेही बोर्ड मिळतात, ते आणखी चांगले, पण ते उचलायला तरुण माणसं लागतात. आमच्या खोलीत कधीकधी योगवर्गासाठी बोर्ड बाजूला करावा लागतो, म्हणून १२ वर थांबलो.

सपाटी बघायची रीत सोपी आहे. स्टीलची पट्टी कडेवर उभी करून बोर्डावर ठेवा, समोरून उजेड येऊ द्या आणि डोळे पट्टीच्या पातळीला आणा. पट्टीखालून उजेडाची फट दिसली तर बोर्ड वाकलेला. दोन्ही कर्णांवर आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी बघा. मग बोर्ड उलटा करा. खालून आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांचा आधार हवा, आणि तो नुसता चिकटवलेला नको, स्क्रूने बसवलेला हवा. दुकानातले दोन बोर्ड मी याच कारणाने परत ठेवायला सांगितले.

चारही भोकं मोजली. नियमात भोकाचा व्यास ४.४५ सेंटीमीटर आहे. आमच्या बोर्डाची भोकं मापात आहेत, कडा गुळगुळीत आहेत. सोंगटीचा व्यास नियमानुसार ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सव्वा सेंटीमीटरच्या आसपास मोकळीक मिळते. मुलांच्या बोर्डात ही मोकळीक कुठे जास्त, कुठे कमी असते. म्हणूनच एका कोपऱ्यात सगळं जातं आणि दुसऱ्यात काही जात नाही.

चौकट हा माझ्या मते बोर्डाचा आत्मा. आमची चौकट शिसमची आहे, तीन इंच रुंद. सोंगटी चौकटीला आपटून परत येते तेव्हा तिचा वेग किती उरतो हे सगळं लाकडाच्या घट्टपणावर आहे. हलक्या लाकडाची चौकट वेग पिऊन टाकते, मग डबलचा फटका, म्हणजे चौकटीवर आपटवून सोंगटी भोकात घालणं, जमतच नाही. नियमांत याची एक सुंदर कसोटी दिली आहे: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोरानं मारला तर तो किमान साडेतीन वेळा या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेला पाहिजे. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिला कुठलंही यंत्र लागत नाही. दुकानातल्या मुलालाच मारायला सांगितलं. चौथ्या फेरीला स्ट्रायकर जवळजवळ चौकटीला टेकला. तिथेच पैसे दिले.

बोर्ड खोलीत लावला त्या संध्याकाळी कंडक्टर काकांना मी मुद्दाम निरोप पाठवला. ते आले, बराच वेळ नुसते बघत बसले. मग बसले खेळायला. पहिले काही फटके लांब गेले, कारण जुन्या बोर्डावर जोर लावायची सवय झाली होती. नंतर त्यांनी जोर कमी केला. आणि मग समोरच्या चौकटीवरून डबल मारून काळी सोंगटी आपल्याच उजव्या हाताच्या भोकात अशी घातली की खोलीत एकदम आवाज झाला. आता ते रोज येतात, आणि सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांना थम्ब शॉट, म्हणजे अंगठ्याचा फटका, शिकवतात.

वयाच्या दृष्टीने मला या बोर्डाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. गुळगुळीत पृष्ठभागावर जोर लागत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणं आहे. जुन्या बोर्डावर चार डावांनंतर अंगठा धरून बसावं लागायचं. इथे तर्जनीच्या नुसत्या टिचकीने काम होतं, आणि अंगठा दुखला तर मधलं बोट वापरते. ज्यांचे हात थरथरतात त्यांनाही जमतं, फक्त स्ट्रायकर ठेवल्यावर एक श्वास थांबायचं.

स्ट्रायकरबद्दल इथेच सांगते. नियमात जास्तीत जास्त १५ ग्रॅम वजन आणि ४.१३ सेंटीमीटर व्यास. बोर्डाबरोबर जो फुकट मिळाला तो हलका आणि कडेला किंचित उंच-सखल होता, तो मी बाजूला ठेवला. वेगळा घ्या, आणि सोनाराच्याच नव्हे तर कुठल्याही छोट्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या. सोंगट्या ठीक आहेत, पांढऱ्या ९, काळ्या ९, एक राणी, वजन ५ ते ५.५ ग्रॅममध्ये. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पावडरीवर मात्र लिहायला हवं, कारण घराघरात चुकीची पावडर वापरली जाते. अंगाला लावायची टाल्कम पावडर अजिबात नको. ती दमट हवेत चिकटते, वर सुगंधाने शिंका येतात. कॅरमची बोरिक पावडर बारीक आणि कोरडी हवी, आणि ती चिमूटभरच. ढीग घालून हाताने पसरवणारे खेळाडू आमच्याकडेही आहेत, त्यांना रोज सांगते. पण बोरिक पोटात जाणं चांगलं नाही. खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावायचा नाही, हा आमच्या खोलीचा नियम आहे. नातवंडं येतात म्हणून डबा वरच्या फळीवर. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पावडर टाकताना थोडं लांब बसावं. पुसायला कोरडं सुती कापड. ओलं फडकं कधीच नाही, मग ते कितीही घट्ट पिळलेलं असो.

पावसाळ्यात बोर्ड कसा राहिला? चांगला. मधल्या भागात पट्टीखाली केसाएवढीसुद्धा फट नाही. आम्ही तो स्टँडवर आडवाच ठेवतो, वर जाड चादर. बाजूला करायची वेळ आली तर भिंतीला तिरका टेकवत नाही, सरळ कडेवर उभा करतो. तिरका टेकवला की स्वतःच्याच वजनाने वाकायला लागतो. जोरदार पावसात पृष्ठभाग थोडा मंद होतो हे खरं, तेव्हा खेळण्याआधी वरचा दिवा काही वेळ लावून ठेवतो.

आता तक्रार. बोर्डाबरोबर घडीचा स्टँड मिळाला होता, तो डुगडुगतो. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका बाजूला पळतो. बोर्ड कितीही सपाट असला तरी स्टँड तिरका असेल तर सोंगटी उताराकडेच जाणार. दुकानदाराने बदलून द्यायला टाळाटाळ केली. शेवटी सोसायटीत फर्निचरचं काम करणाऱ्या सुताराकडून सागाचे चार पाय आणि मध्ये पट्ट्या अशी बैठक करून घेतली, पायांना खाली रबरी बूच. उंची ६५ सेंटीमीटर ठेवली. साध्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसलं की खांदा वर उचलावा लागत नाही. जमिनीवर मांडी घालून खेळण्याचे दिवस आमच्यापैकी बऱ्याच जणांचे संपले, त्यामुळे ही उंची महत्त्वाची. हात नसलेल्या खुर्च्या घ्या, कोपर मोकळं राहतं.

दिवा छतावरून वायरने खाली सोडलाय, वर पत्र्याची शेड, आत पिवळसर बल्ब. उजेड फक्त बोर्डावर पडतो, डोळ्यात जात नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दोन काकूंनी मला वेगळं सांगितलं की काळी सोंगटी आणि रेषा आता स्पष्ट दिसतात.

काकूंवरून आठवलं. सुरुवातीला बोर्डाभोवती पुरुषच असायचे आणि बायका बाकावर. मी आग्रहाने बायकांची एक जोडी बसवली. समोरासमोर भिडू, म्हणजे डबल्स. पहिल्यांदा लाजल्या, नंतर एका वहिनींनी राणी घेतली आणि लगेच मागोमाग आपली सोंगटी घालून कव्हरही केली, तेव्हापासून त्यांच्या डावाला वेळ ठरलेली आहे. चेन्नईच्या एम. काझिमा या मुलीने २०२४ साली अमेरिकेतल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं मिळवली, तिचे वडील रिक्षा चालवतात. तिची बातमी मी कापून खोलीच्या फळ्यावर लावली आहे. तिच्याच शहरातल्या मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. हा खेळ टाइमपास म्हणून बाजूला सारायचा नाही, एवढं आमच्या लोकांना त्यातून कळावं.

खेळताना आम्ही नियम पाळतो. २५ गुण किंवा ८ बोर्ड (म्हणजे सोंगट्या मांडून संपवण्याचे आठ डाव), जे आधी होईल ते. राणीचे तीन गुण, पण आपले गुण २१ पर्यंत असतील तोवरच. कोपर तिरप्या बाणाच्या रेषेपलीकडे नेलं तर फाउल. फक्त एक सूट दिली आहे: ज्यांचा खांदा उचलत नाही त्यांनी खुर्ची थोडी सरकवली तर चालेल.

किंमत सांगते. बोर्ड, वेगळा स्ट्रायकर, पावडर, सुताराचं काम आणि दिवा धरून दहा हजारांच्या आतबाहेर गेलं. वर्गणी काढली तर डोक्यावर फार येत नाही. बाजारात सुरको, सिस्का, सिन्को ही नावं चालतात, प्रत्येकाचे स्वस्त आणि महाग दोन्ही बोर्ड असतात. त्यामुळे नाव विचारून घेऊ नका. प्लायची जाडी, चौकटीचं लाकूड, खालचा आधार आणि साडेतीन फेऱ्या, एवढं विचारा.

आणि न्यायचं कसं ते आधीच ठरवा. तीन इंची चौकट धरली तर बोर्ड बाहेरून जवळजवळ ९० सेंटीमीटर भरतो. रिक्षात आडवा बसत नाही, आमच्या जुन्या लिफ्टच्या दारातूनही तो तिरका करूनच न्यावा लागला असता, पण खोली तळमजल्यावर म्हणून वाचलो. दुकानदाराकडून टेम्पोचं भाडं आणि पोचवण्याची जबाबदारी बिलावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर गुंडाळलेला पुठ्ठा काढून, टेम्पोवाला जायच्या आत, पट्टी पुन्हा एकदा लावून बघा.