लेआउटच्या बागेतलं फुकटचं टेनिस कोर्ट, आठ महिने खेळून लिहितोय

पश्चिम नागपुरात आमच्या लेआउटच्या बागेत टेनिस कोर्ट आहे, फी नाही मेंबरशिप नाही, गेट उघडलं की खेळा. आठ महिन्यांपासून तिथे खेळून राह्यलो अन् मनापासून सांगतो, नवीन शिकणाऱ्याने आधी इथेच यावं.

पहिल्या दिवशी मी एकटाच भिंतीवर बॉल मारत होतो तर एका काकूंनी आवाज दिला, "काहून एकटा मारून राह्यला रे, ये ना, आम्हाले चौथा पाहिजे." काकू साठीच्या पुढच्या, पण ड्रॉप शॉट असा हळूच टाकतात की बॉल नेटच्या लगेच पलीकडे पडून जागीच मरते. रोहन बोपण्णाने 43व्या वर्षी 2024ची ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स जिंकली तेव्हा काकूंनी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले म्हणे.

नंबर लावायचा म्हणजे कुंपणाच्या जाळीला रॅकेट अडकवायची. लोक थांबले असले की सिंगल्स बंद, फक्त डबल्स, अन् चार गेम झाले की उतरायचं. यावरून भांडण झालेलं मी अजून पाह्यलं नाही.

कोर्टाची हालत मात्र बरी नाही. खाली आपली काळी माती, उन्हाळ्यात फाटते पावसाळ्यात फुगते, त्यामुळे बेसलाइनजवळ लांब तडा गेला आहे, त्यावर बॉल पडला तर कुठेही जाते, तो पॉइंट आम्ही परत खेळतो. त्याहून मोठा त्रास नेटचा. खांबावरचं ताणायचं हँडल कधीच गेलं, सांगून सांगून थकलो पण कोणी लावत नाही, म्हणून नेट मधात लोंबते. मधात 3 फूट पाहिजे, अन् टेप नसली तरी मोजता येते, एक रॅकेट उभी धरा, ती 27 इंच, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवा, ते साधारण 9 इंच, झाले 36. आम्ही मोजलं तर आडवी रॅकेट पूर्ण नेटच्या वर! इतक्या खाली नेटवर सर्व्हिसची सवय लागली तर दुसरीकडे सगळे बॉल जाळीत जातात. आता नायलॉनच्या दोरीने खांबाला ताणून बांधतो, पंधरा दिवस टिकते.

कोर्ट उत्तर-दक्षिण आखलं आहे, म्हणून सकाळचं ऊन थेट डोळ्यात येत नाही, ज्याने आखलं त्याला खेळ कळत होता. मे महिन्यात साडेपाचला या, साडेसातनंतर तळवे भाजतात. संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, त्यांना नीट सांगितलं तर बाजूला होतात. बॉल टेनिसचा सीलबंद डब्यातलाच आणा, क्रिकेटवाला जड टेनिस बॉल इथे कामाचा नाही, मनगट दुखते.

पाचपैकी चार स्टार, एक नेटचा कापला. रविवारी सकाळी परत बांधणार आहोत, जाड दोरी कोणाकडे पडली असेल तर घेऊन या, पंधरा फूट पुरते.