पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांचा दवाखाना: दीड वर्षाचा अनुभव

आईच्या हातांची बोटे सकाळी आखडू लागली तेव्हा ती ६१ वर्षांची होती. पहिले वर्ष "वयोमानाने व्हायचेच" या समजुतीत गेले. पुढचे आठ महिने आम्ही एका मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडे जात होतो. तेथे दोन तास थांबल्यावर चार मिनिटांची भेट मिळे, आर.ए. फॅक्टरचा (संधिवातासाठीच्या रक्ततपासणीचा) अहवाल वाचताना डॉक्टरांची नजर संगणकावरून हलत नसे आणि प्रश्न आईने विचारला तरी उत्तर मला मिळे. दीड वर्षापूर्वी आम्ही डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांचे नाव येथे देत नाही. गर्दी आणखी वाढली तर आमचाच नंबर मागे जायचा.

पहिली भेट पस्तीस मिनिटे चालली. जुनी फाइल बाजूला ठेवून डॉक्टरांनी विचारले, "काकू, सकाळी मूठ कधी वळते?" आई म्हणाली, "दुसऱ्या चहापर्यंत नाही वळत." पहिला चहा किती वाजता होतो आणि दुसरा किती वाजता, हे विचारून त्यांनी केसपेपरवर "सकाळचा ताठरपणा दीड तास" अशी नोंद केली. झिजेमुळे दुखणारे सांधे सहसा अर्ध्या तासात मोकळे होतात, रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवातात) मात्र याहून बराच वेळ लागतो, त्यामुळे हा प्रश्न साधा वाटला तरी निदानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. आठ महिन्यांत तो आम्हाला कोणी विचारला नव्हता. त्यानंतर खांदे, कोपरे, मनगटे, बोटे आणि गुडघे असे २८ सांधे दाबून पाहून त्यांनी दुखरे किती आणि सुजलेले किती हे वेगवेगळे मोजले.

आईला दिलेले मेथोट्रेक्सेट हे या संधिवातावरचे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. त्यासाठी वार ठरवताना त्यांनी आईलाच विचारले. आईने गुरुवार सुचवला, कारण त्या दिवशी तिचा उपवास असल्याने तो विसरत नाही. उपाशीपोटी मळमळ वाढेल असे सांगून डॉक्टरांनी तो नाकारला आणि अखेर शनिवारी रात्री जेवणानंतर असे दोघींच्या संमतीने ठरले. चिठ्ठीवर "फक्त शनिवार" हे शब्द लाल शाईने लिहिलेले आहेत.

आई गुळवेलीचा काढा घेत असे. आधीच्या डॉक्टरांनी यावरून तिला झापले होते, त्यामुळे तिने तो लपवून चालूच ठेवला होता. येथे मात्र काढ्याचे पाकीट घेऊन यायला सांगितले गेले. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या आणि मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो, एवढे समजावल्यावर आईने काढा आपणहून बंद केला. स्टेरॉइडची तिला धास्ती होती. मुख्य औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवरच ही गोळी लागेल, असे सांगून डॉक्टरांनी मात्रा कमी करत जाण्याच्या तारखा तिच्यासमोर लिहिल्या. चौथ्या महिन्यात गोळी बंद झाली.

तक्रारी आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. गुडघे धरून बावीस पायऱ्या चढणारे रुग्ण पाहिले की, सांध्यांच्या दवाखान्यासाठी ही जागा कोणी निवडली असेल असा प्रश्न पडतो. बाकड्यांना हात टेकायला जागा नसल्याने उठताना आधार मिळत नाही. पहिल्यांना वेळ दिला जातो, म्हणून पुढच्यांना थांबावे लागते आणि ठरलेल्या वेळेनंतर तासभर उशीर हा नेहमीचाच. पहिल्या भेटीचे १,२०० रुपये, नंतर दर वेळी ८००. शिवाय दर तीन महिन्यांनी रक्त आणि यकृताच्या तपासण्या येतात आणि हा खर्च आमच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी आईला, काय करता यावे असे वाटते, हे विचारले होते. "भाकरी थापता यावी," असे ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक भेटीत सांध्यांच्या आकड्यांखाली भाकरीचा आकडा लिहिला जातो. गेल्या महिन्यात तो सहावर गेला. मात्र पिठाच्या डब्याचे घट्ट झाकण अजून मलाच उघडावे लागते, हेही त्यांनी आईकडून ऐकून लिहून घेतले.