गाडीतला अ‍ॅम्प तापून बंद पडतोय: फॅन लावायचा, वायरिंग सुधारायचं की अ‍ॅम्पच नवा घ्यायचा?

"दादा, फॅन आणलाय. कुठं लावू?" मावसभावाचा फोन आला तेव्हा एप्रिलची दुपार होती. राहतो पुण्यात धायरीला, नोकरी हिंजवडीत. गाडी हॅचबॅक. शेजारच्या सीटखाली चार चॅनेलचा, जास्त तापणाऱ्या क्लास एबी पद्धतीचा अ‍ॅम्प, डिकीत बारा इंची वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर. संध्याकाळी घरी येताना चांदणी चौक गाठायच्या आत आवाज गप्प, अ‍ॅम्पवर लाल दिवा. दहाएक मिनिटं थांबलं की परत सुरू. अ‍ॅक्सेसरीजवाल्याने फॅन सांगितला, ऑफिसमधल्या मित्राने नवा, कमी तापणारा क्लास डी अ‍ॅम्प, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी भला मोठा कपॅसिटर. यातलं सगळ्यात स्वस्त म्हणून हा तपकीर गल्लीतून संगणकाचा फॅन घेऊन आला.

फॅन वाईट नाही. पण फॅन तयार झालेली उष्णता हलवतो. ती मुळात इतकी तयार का होतेय, हे त्याला विचारून उपयोग नाही. म्हणून पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी एकच गोष्ट बघा: अ‍ॅम्प किती वेळात आणि कशा अवस्थेत बंद पडतो.

गाणं सुरू करताच, अ‍ॅम्प हाताला गार असतानाच लाल दिवा लागत असेल, तर तो तापण्याचा प्रश्नच नाही. कुठेतरी स्पीकरची वायर दाराच्या पत्र्याला टेकलीय किंवा अ‍ॅम्प आतून गेलाय. बेसच्या ठोक्यासरशी आवाज तुटतो आणि लगेच येतो, तोही इंजिन बंद असताना जास्त, तर व्होल्टेज पडतंय. दुपारच्या उन्हात तास-दीड तास मोठ्याने वाजवल्यावर बंद पडतो, तर हवेचा प्रश्न, इथे फॅन कामाचा. आणि मध्यम आवाजात दहा-पंधरा मिनिटांत चटका बसण्याइतका तापतो, तर बहुतेक वेळा वूफरची जोडणी किंवा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) चुकलाय. मावसभावाचा रोग हा शेवटचा होता, आणि औषध त्याने तिसऱ्या रोगाचं आणलं होतं.

एक चाचणी फुकटात होते. स्पीकरच्या आणि आरसीएच्या (स्टीरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) सगळ्या वायरी काढा, अ‍ॅम्प नुसता चालू ठेवा, वीस मिनिटांनी हात लावा. क्लास एबी थोडा कोमट होणारच. पण काहीही न वाजवता भाजत असेल तर अ‍ॅम्प आतून बिघडलाय. मग फॅन, वायर, कपॅसिटर सगळं विसरा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा. तसंच, एबी अ‍ॅम्प जोरात वाजताना त्यावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त हात ठेववत नाही, एवढ्यावरून घाबरू नका. तो तापण्यासाठीच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारी धातूची पाठ, दिलेला असतो. संरक्षण साधारण ८० अंशांच्या आसपास लागतं.

आता फॅन आणि जागा. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभ्या गाडीच्या आत ५५-६० अंश सहज होतात. हीटसिंक उष्णता सोडतो ती आजूबाजूच्या हवेत, आणि किती सोडणार हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा ३० अंशांची असेल तर ८० पर्यंत ५० अंशांची मोकळीक आहे. हवा ६० ची असेल तर जेमतेम २०. म्हणून संध्याकाळी सहाला गाडीत बसल्या बसल्या आवाज चढवणाऱ्याचा अ‍ॅम्प आधी बसतो. काचा खाली करून, एसी लावून पाच-सात मिनिटं आतली हवा बदलू द्या आणि मग वाजवा. हा उपाय कुठलाच दुकानदार सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

सीटखालची जागा आणि डिकी यांत मी सीटखालची निवडेन, कारण एसीची गार हवा तिथे पोचते. अट एवढीच की अ‍ॅम्पच्या चारही बाजूंना पाच-सहा सेंटिमीटर मोकळे हवेत आणि वरून मॅट ओढलेली नको. मावसभावाच्या अ‍ॅम्पवर अर्धं कार्पेट होतं, वर पाण्याची बाटली आणि टोलच्या जुन्या पावत्या. सेडानची डिकी केबिनपासून वेगळी, तिथे हवा कोंडते. अ‍ॅम्प वूफरच्या खोक्यावर मात्र स्क्रूने बसवू नका. दुकानात तसं सर्रास करतात, कारण वायर कमी लागते. पण रोजच्या थरथरीने आतले सोल्डरचे टाके सुटतात. उलटा, म्हणजे फिन्स (हीटसिंकच्या पात्या) खाली करून टांगणंही टाळा.

फॅन लावायचाच तर तो फिन्सच्या लांबीच्या दिशेने वारा मारेल असा लावा. १२० मिलिमीटरचा फॅन सीटखाली उभा राहत नाही, ८० चा घ्या. अ‍ॅम्पच्या रिमोट वायरवरून थेट चालवू नका. ती स्टीरिओकडून येणारी, चालू-बंदचा सिग्नल देणारी बारीक वायर आहे, तिला थोडाच करंट झेपतो. मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) टाका. दोन-चार महिन्यांनी ब्रशने धूळ काढावी लागते. रस्त्यांची खोदकामं बघता पुण्यात महिन्यालाही काढली तरी चालेल. सगळं मिळून पाचशेच्या आत बसतं. पण कोंडलेल्या जागेत फॅन तीच गरम हवा घुसळत राहतो, त्याने काही होत नाही.

वायरिंग आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं) हा दुसरा उपाय. यात माझी स्वतःची फजिती आहे. आमच्या आधीच्या गाडीत बसवणाऱ्याने अ‍ॅम्पची अर्थ वायर सीटच्या पट्टीच्या बोल्टखाली दाबून दिली होती, रंगावरच. अ‍ॅम्प दर उन्हाळ्यात कुरकुरायचा. शेवटी मल्टिमीटर लावला. एक पिन अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि गाणं जोरात. मीटरवर ०.९ व्होल्ट. दिसायला किरकोळ आकडा. पण तीस अँपिअर वाहत असताना ०.९ व्होल्ट म्हणजे त्या एका बोल्टपाशी २७ वॉट जळताहेत, लहान सोल्डरिंग आयर्नएवढे. नीट चालणाऱ्या गाडीत हा आकडा ०.२ च्या आत हवा. पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दाताचा वॉशर आणि घट्ट क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकाचं कडं) लावला, वरून ग्रीस चोपडलं. आकडा ०.१ वर आला. खर्च शून्य, दोन गुडघे दुखले.

मात्र अर्थ सुधारल्याने अ‍ॅम्पची उष्णता एकदम निम्मी होते असं कुणी सांगत असेल तर मान डोलावू नका. साध्या अ‍ॅम्पमध्ये व्होल्टेज पडलं की ताकद कमी होते, आवाज लवकर फाटतो, आणि आपण तो भरून काढायला गेन वाढवतो. उष्णता त्या वाटेने येते. रेग्युलेटेड सप्लायचे (व्होल्टेज पडलं तरी ताकद तेवढीच ठेवणारे) अ‍ॅम्प कमी व्होल्टेजला उलट जास्त करंट ओढतात, तिथे फरक थेट जाणवतो.

पॉवरच्या वायरीबद्दल एकच सांगतो: किटवर "४ गेज" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. खऱ्या ४ गेजमध्ये धातूचं क्षेत्रफळ साधारण २१ स्क्वेअर एमएम असतं. स्वस्त किटमध्ये जाड प्लास्टिक आणि आत बोटभर कमी तार. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, तिची वहनक्षमता तांब्याच्या साधारण पासष्ट टक्के. ती वापरायचीच नाही असं नाही, पण मग एक साइज जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच, आणि हे आवाजासाठी नाही, गाडी पेटू नये म्हणून.

कपॅसिटर या यादीत मी धरतच नाही.

तिसरा उपाय वूफरची जोडणी, आणि बहुतेकांचं दुखणं इथेच असतं. मावसभावाच्या वूफरला दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहम. बसवणाऱ्याने त्या पॅरलल केल्या, म्हणजे २ ओहम, आणि अ‍ॅम्पचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एक करून, त्यावर जोडल्या. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्मा लोड येतो, म्हणजे १ ओहम. अ‍ॅम्पच्या बुडावर छापलंय: ब्रिजला किमान ४ ओहम. बिचारा झेपेल त्याच्या दुप्पट करंट देत होता. "पण साहेब, आवाज दणक्यात येतो की नाही?" असं त्या बसवणाऱ्याचं म्हणणं होतं. येतो ना, चांदणी चौकाअलीकडच्या बावधनपर्यंत.

तपासायला अ‍ॅम्पकडची वूफरची वायर सोडवून मीटरने ओहम मोजा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतो. ४ ओहमला साधारण ३.२ ते ३.७, दोन पॅरलल असतील तर १.८ च्या आसपास, सिरीज असतील तर सातच्या आसपास. आमच्याकडे १.८ आला.

आता पर्याय दोनच उरले. दोन्ही कॉइल सिरीज करायच्या, म्हणजे ८ ओहम. अ‍ॅम्प ४ ओहमला २०० वॉट देतो, ८ ला साधारण १०० देईल. निम्मी ताकद ऐकून तोंड वाकडं होतं, पण कानाला तो फरक फक्त ३ डेसिबलचा. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. यात अ‍ॅम्प गार राहतो आणि खर्च एका तुकडा वायरीचा. दुसरा पर्याय म्हणजे वूफरसाठी २ ओहमला चालणारा वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, अ‍ॅम्प.

जोडणी कोणतीही ठेवा, गेन परत लावावा लागतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टीरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालण्याचा स्क्रू आहे. तो शेवटपर्यंत पिळला की लाटेची डोकी छाटली जातात, सरासरी ताकद वाढते, अ‍ॅम्प आणि वूफरची कॉइल दोन्ही भाजतात. बेस बूस्ट शून्यावर, वूफरची वायर काढलेली, स्टीरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा सूर लावा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. किती हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १०० गुणिले ८ म्हणजे ८००, वर्गमूळ साधारण २८. गंमत म्हणजे २०० गुणिले ४ चंही तेच. आमचा स्क्रू शेवटाला होता, अर्ध्याच्याही खाली आणावा लागला.

चौथा उपाय नवा क्लास डी अ‍ॅम्प. आकडेच बोलतात. वूफरला ३०० वॉट द्यायचे तर ५५ टक्के कार्यक्षमतेचा एबी अ‍ॅम्प बॅटरीकडून ५४५ वॉट ओढतो आणि २४५ वॉटची शेगडी होतो. ८५ टक्क्यांचा क्लास डी ३५३ ओढतो, उष्णता ५३. करंट चाळीस अँपिअरच्या जागी सव्वीस. गाणं काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण अंतर राहतंच. अरुंद जागेत, उन्हातल्या गाडीत, रोज दोन-दोन तास वाजवणार असाल तर हा पैसा वसूल आहे.

पण तो फक्त अ‍ॅम्पचा पैसा नसतो. दोन अ‍ॅम्प झाले की जुनी ८ गेजची वायर पुरत नाही, तिच्याहून जाड ४ गेज, वाटपाचा ब्लॉक, फ्यूज आणि मजुरी वाढते. मावसभावाला मिळालेलं कोटेशन साडेबारा हजारांचं होतं, त्यात अ‍ॅम्प नऊचा. शिवाय मोनो अ‍ॅम्प फक्त वूफरपुरता, दाराचे स्पीकर त्यावर चालत नाहीत. नाना पेठेत डब्यावर "२००० वॉट" छापलेले चमकदार अ‍ॅम्प दिसतील, तेव्हा बाजूचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ गुणिले ०.८५, म्हणजे साडेतीनशे वॉट. बाकीचे साडेसोळाशे डब्यातच राहतात.

दुरुस्तीचा पाचवा मार्गही आहे: जुन्या अ‍ॅम्पच्या आत ट्रान्झिस्टर हीटसिंकला दाबून धरणाऱ्या पट्ट्या सैल होतात, मधली पेस्ट वाळते. आठ-दहा वर्षांच्या चांगल्या अ‍ॅम्पला हे करून घ्या. वॉरंटीतल्याला हात लावू नका.

मावसभावाने सिरीज केली, गेन उतरवला, कार्पेट कापलं. पहिल्या शुक्रवारी वारज्यातून फोन: "दादा, पोचत आलो, चालूय." पंधरा दिवसांनी पुन्हा: "चालूय, पण बेस जरा कमीच वाटतो रे." मी म्हटलं, दिवाळीच्या बोनसपर्यंत थांब, मग मोनो घेऊ आणि वूफर परत २ ओहमवर नेऊ. तोवर तो फॅन मावशीच्या इन्व्हर्टरमागे फिरतोय, आणि तिथे मात्र त्याची खरंच गरज होती.