उणे 40चं जॅकेट आणि आइस्क्रीमची कोल्डरूम

मे महिन्यात 45 अंशांत कूलरपुढे बसणाऱ्या नागपूरकराने कडाक्याच्या थंडीचे कपडे पारखायचे तरी कसे? आम्हाला ते येत नव्हतं आणि दुकानदाराला नेमकं तेच ठाऊक होतं.

मी, बायको आणि मेव्हणा फेब्रुवारीत फिनलंडच्या उत्तरेला, इनारीकडे गेलो होतो. गाइडबरोबर तीन दिवस स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवर, मुक्काम जंगलातल्या लाकडी खोपीत. सामान मात्र इथूनच घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याची रीत सांगतो, ओळखायला तेवढी पुरे.

"तिकडे सारं तिप्पट भावात मिळते भाऊ. तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राहिले? माल चेक करून घ्या ना!" असं म्हणत त्याने आम्हाला ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या कोल्डरूममध्ये नेलं. काटा उणे 18वर. जॅकेट, बूट, हातमोजे चढवून पाच मिनिटं उभे राहिलो. थंडी वाजली नाही. त्याने हौसेने व्हिडिओ काढला, आम्ही अंगठे दाखवले. तिघांच्या सामानाचे एक लाख चार हजार तिथेच मोजले.

आता कळतं ती चाचणी किती फसवी होती. बाहेरच्या उन्हातून शिरलेलं अंग पाच मिनिटांत गार होतच नाही आणि कोल्डरूममध्ये वारा सुटलेला नसतो. स्नोमोबाइलवर माणूस नुसता बसलेला, चालण्याने येणारी ऊबही नाही. हवा उणे 25 आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर असला, की उघड्या कातडीला ती उणे 40सारखी झोंबते.

इनारीच्या गोठलेल्या तलावावर वीस मिनिटांत माझी बोटं बधिर झाली. मूठ गरम करणारं हँडल होतं, म्हणून निभावलं. गाइडने थांबून जॅकेट चिमटीत धरलं, मान हलवली आणि स्लेजमधून (बर्फावरच्या घसरगाडीतून) जाड ओव्हरऑल, आत नमद्याचं अस्तर असलेले ढगळ बूट आणि चारही बोटं एकत्र राहतील असे मोठे हातमोजे काढले. हे सगळं आम्ही भरलेल्या पैशांतच होतं! बुकिंगच्या कागदावर लिहिलेलंही होतं. आम्ही वाचलं नव्हतं, ही चूक आमचीच.

आमचे बूट अगदी मापाचे होते. "फिटिंग पाहा," म्हणून त्याने मुद्दाम तसेच दिले. थंडीत हेच वाईट, कारण पाय आवळला की रक्त फिरत नाही. आतले 'थर्मल' निघाले सुती. घामाने ओले झाले ते वाळलेच नाहीत. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरांत उणे 20 होतं. ते निघालं 'एक्स्ट्रीम' तापमान, म्हणजे माणूस कसाबसा जिवंत राहील ते. झोप लागण्याचा आकडा 'कम्फर्ट'चा असतो, तो आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत होता.

घरी आल्यावर जॅकेटची शिवण उसवली. लेबलवर 90 टक्के बदकाची पिसं. चिमूटभर भरण काडीने पेटवलं. पिसं असती तर केस जळाल्यासारखा वास आला असता. हे वितळून त्याचा कडक मणी झाला. पॉलिस्टर!

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पट्ट्याची. स्नोमोबाइलचा ड्राइव्ह बेल्ट तुटला तर जंगलात कोण देणार, असं भिववून त्याने 6,800 रुपयांना एक 'स्पेअर' गळ्यात मारला होता. हा बेल्ट मॉडेलप्रमाणे बदलतो आणि गाइडच्या गाडीत जादा असतोच. आमचा पट्टा आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने हातात घेतला आणि तो हसतच सुटला. "काका, हा तं स्कूटीचा आहे."

पक्कं बिल नाही, कारण जीएसटी वाचवायच्या मोहाने आम्हीच कच्च्यावर राजी झालो होतो. यूपीआयची नोंद, लेबलं आणि उसवलेलं जॅकेट एवढ्या पुराव्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

दुकानात जाऊन जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, कोल्डरूममध्ये तुम्हीच तं चेक केलं होतं." आमचा तो व्हिडिओ तो आता नव्या गिऱ्हाइकांना दाखवून राहिला आहे. निळ्या जॅकेटमध्ये अंगठा दाखवणारा टकला माणूस दिसला, तर तो मी.