एच२एस बाटली: पाणी तपासायला चांगली, समजूत बदलायला त्याहून चांगली

पुण्यात पाण्याबद्दलची सगळ्यात घट्ट बसलेली समजूत पेनाएवढ्या एका यंत्रातून आली आहे: टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मीटर. ग्लासात बुडवायचा, आकडा वाचायचा. कमी आला की पाणी शुद्ध, जास्त आला की खराब. ही समजूत चुकीची आहे आणि नुसतं सांगून ती जात नाही. ती घालवायला सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे जंतू तपासायची एच२एस बाटली. परीक्षण तिचंच आहे, पण मीटर बाजूला ठेवून तिचं मोल कळणार नाही.

मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला ठरावीक गुणक लावून क्षारांचा अंदाज दाखवतो. जंतू त्याला दिसायचा मार्गच नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं भरतात ती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेल्या पावसाने. हे पाणी मुळातच मऊ असतं, त्यामुळे नळावर आकडा बहुधा शंभरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. आयएस १०५०० या भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जिथे आकडा ५०० च्या आत आहे तिथे आरओवर (पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरवर) बंदी आणा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. म्हणजे धरणाचं पाणी पिणाऱ्या घरात आरओने खाली आणावं असं फारसं काही नसतंच. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. तिथे आकडा सात-आठशेवर गेला तर आरओ हवाच.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. पुढे त्या भागातल्या खासगी आरओ प्लांटचं पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलं आणि महापालिकेने असे अनेक प्लांट सील केले. आरओचा जार म्हणजे डोळे झाकून प्यायचं पाणी, हा विश्वास तिथेच तुटायला हवा होता. तरी आजही जार आला की आधी मीटर बुडवला जातो.

असं का होतं? कारण बहुतेकांनी ही गोष्ट "डोळ्यांनी पाहिलेली" असते. विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावतो. नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी-हिरवं होऊन गाळ धरतं, आरओचं स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातला नसून लोखंडी कांडी झिजून आलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. लिंबातून रक्त काढून दाखवण्याच्या जातीतलाच हा खेळ, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची रीत इथेही चालते: व्याख्यान न देता तोच खेळ करून दाखवायचा. आरओच्या त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा कांड्या सोडा. "शुद्ध" पाणी गढूळ होतं.

कांड्यांचं यंत्र हाताशी नसलं तर साखर पुरते. २०० मिलि आरओच्या पाण्यात चहाचा चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा. हिशोबाने लिटरला २५,००० मिलिग्रॅम विरघळलेला पदार्थ झाला. मीटर मात्र जवळजवळ होता तिथेच राहतो, कारण साखर वीज वाहत नाही. मग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ: ०.२ ग्रॅम मिठाने आकडा हजाराने चढतो.

यात एक पथ्य आहे आणि तेच बहुतेक जण मोडतात. आकडा दाखवण्याआधी समोरच्याकडून अंदाज वदवून घ्यायचा. "काका, साखर घातल्यावर मीटर किती दाखवेल? तुम्हीच सांगा, आणि बुडवाही तुम्हीच." अंदाज आधी बोलून दाखवला नसेल, तर निकाल आल्यावर माणूस सहज म्हणतो, "हो, ते असणारच." ग्लास त्यांचा, चमचा त्यांचा, हात त्यांचा. आपण फक्त बसायचं.

पण साखर-मीठ एवढंच सांगतं की मीटरला सगळं दिसत नाही. पाण्यात घाण आहे का, ते बाटली सांगते.

बाटलीत एक पूड किंवा पूड जिरवलेली कागदी पट्टी असते. मैल्याबरोबर येणारे काही जीवाणू तिच्यातल्या थायोसल्फेट या रसायनापासून हायड्रोजन सल्फाइड (एच२एस) वायू बनवतात, त्याचा पुडीतल्या लोहाशी संयोग होऊन काळा लोह सल्फाइड तयार होतो. बाटली काळी पडली म्हणजे पाणी संशयास्पद. नळातल्या उरलेल्या क्लोरिनचा परिणामही तेच थायोसल्फेट मारतं, म्हणून त्यासाठी वेगळं काही मिसळावं लागत नाही.

नळ पुसून दोन मिनिटं वाहू द्या. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. खुणेपर्यंत भरा, झाकण लावा, हलवा, तारीख-वेळ लिहा आणि २५ ते ३७ अंशांत ठेवा. २४ तासांनी पाहा, काळी पडली नसेल तर ४८ तासांनी पुन्हा. पुण्याच्या डिसेंबरात इथेच फसगत होते: रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो, जंतू वाढत नाहीत, बाटली स्वच्छ राहते आणि लोक निर्धास्त होतात. थंडीत ती फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा.

एकच बाटली लावू नका, निदान पाच लावा. महापालिकेची लाइन सोसायटीत शिरते तिथली एक, गच्चीवरच्या टाकीची एक, आरओच्या तोटीची एक. चौथीत उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे "तुमची बाटली काहीही घातलं तरी काळीच होते" ही शंका मिटते. पाचवीत तेच उकळलेलं पाणी, पण चार थेंब मुठा नदीचं पाणी घालून. हे ग्लासभर पाण्यात मिसळून मग बाटलीत भरा. थेंब टाकण्याआधी आणि नंतर मीटर बुडवा: चार थेंब म्हणजे साधारण ०.२ मिलि, ग्लासात हजारपट पातळ, आकडा हलत नाही. दोन दिवसांत मात्र चौथी स्वच्छ आणि पाचवी काळी. हातमोजे घाला. हा ग्लास कुणाच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या, मीटरचं टोकही नंतर नीट धुवा.

बाटलीचा खरा गुण लागणाऱ्या वेळात आहे. समोरासमोर वाद झाला की हरणं आलं, आणि चार माणसांत कुणी हरायला तयार नसतं, सोसायटीच्या सभेत तर नाहीच. बाटली मात्र त्यांच्याच स्वयंपाकघरात फडताळावर असते. पहाटे दूध तापवताना काकू एकट्याच ती पाहतात. कुणी "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणायला तिथे नसतं. तुम्हीही नंतर ते म्हणू नका, फोन त्यांचा येऊ द्या.

आरओच्या तोटीची बाटली काळी पडली तर जपून बोला. त्या मशीनला पंधरा हजार मोजले आहेत, तेही नातवंडांसाठी. "तुम्हाला फसवलं" म्हटलं की संवाद तिथेच संपतो. कारण सांगा: आरओआधीचा कार्बन फिल्टर क्लोरिन काढून टाकतो आणि मग सात-आठ लिटर पाणी बिनक्लोरिनचं टाकीत पडून राहतं. टाकी धुतली नसेल तर जंतू तिथे वाढतात. टाकी धुवून घ्या, यूव्ही दिवा चालतो का पाहा, पुन्हा बाटली लावा. मशीन ठेवूनही समजूत दुरुस्त होते.

उणिवाही खऱ्या आहेत. बाटली नेमका कोणता जंतू ते सांगत नाही, किती तेही नाही. विषाणूंचा तिला पत्ता नाही. काही बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, तिथे ती उगाच काळी होते. आणि स्वच्छ राहिलेली बाटली उलट्या समजुतीला खतपाणी घालते: "खडकवासल्याचं पाणी, त्याला काय होतंय!" ती त्या दिवसाची, त्या तोटीची साक्ष आहे. पहिल्या पावसात पाणी गढूळ झालं, शेजारी ड्रेनेजचं खोदकाम झालं, टाकी धुतली, की पुन्हा लावा. काळी आली तर पाणी उकळून पिणं त्याच दिवशी सुरू करा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या.

जोडीला क्लोरिनची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट ठेवा. किटच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, सांगितलेले थेंब, लगेच पिवळा रंग ताडून पाहायचा. नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन हवं. थेंब घातलेलं नळीतलं पाणी विषारी असतं, सांडपाण्यात ओता.

बाटल्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. घेताना मुदत पाहा. पुडीचे गोळे झाले असतील तर परत करा. काळी पडलेली बाटली उघडून तशीच सिंकमध्ये ओतू नका, आत ब्लीच घालून अर्धा तास ठेवा, मगच टाका.