क्लार्कचा हजार पानी कथासंग्रह: काही महिन्यांनंतर

विज्ञानसाहित्य लिहिणारा आर्थर सी. क्लार्क आवडायचा तो कादंबऱ्यांमुळे. 'द कलेक्टेड स्टोरीज' हा जवळपास हजार पानांचा ठोकळा काही महिने उशाशी ठेवल्यावर मत ठाम झालंय: माणूस मुळात कथालेखकच.

1937 पासूनच्या शंभरावर कथा यात कालक्रमाने लावल्यात. त्या क्रमाने वाचायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीच्या काही चक्क नवशिक्या आहेत, आणि सलग वाचल्या की शेवटच्या ओळीतला धक्का आधीच दिसायला लागतो (खोडच त्याची!). रात्री एक, फार तर दोन.

माझी लाडकी 'मेलस्ट्रॉम टू'. चंद्रावरून विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाने मालवाहू कुपी फेकतात. पैसे वाचतात म्हणून एकजण तिच्यात बसून घरी निघतो. वेग जरासा कमी पडतो. आता कुपी उंच जाऊन परत चंद्रावरच आदळणार. उपाय काय, तर कक्षेच्या सर्वांत उंच टोकाला पोचल्यावर स्पेससूट घालून बाहेर उडी मारायची! तिथे वेग इतका मंदावलेला असतो की उडीने पडलेली किरकोळ भरही पलीकडच्या टोकाला, ऐन चंद्रालगत, वाट थोडी वर उचलते. तर्क चोख आहे. आणि गणित कळल्यावर भीती कमी होत नाही, वाढते. हे फार थोड्यांना जमलंय.

कक्षांशी त्याची दोस्ती जुनीच. युद्धात रेडारवर काम केलेल्या या गृहस्थाने 1945 सालीच 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लिहिलं होतं, की विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच ठेवलेले तीन उपग्रह जगभर प्रक्षेपण करू शकतील. फक्त त्याच्या कल्पनेत तिथे माणसंही राहणार होती.

कथांतली माणसं मात्र पातळ. नावं दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, बायका तर जवळजवळ नाहीतच. संवादही पुष्कळदा समजावून सांगण्यापुरते. याची सवय होते म्हणणार नाही, पण 'सुपीरिऑरिटी'सारखी खवचट कथा आली की तक्रार विसरायला होते: अधिकाधिक प्रगत शस्त्रांच्या नादात युद्ध हरलेल्या बाजूची ती कैफियत आहे.

छापील प्रत आडवं पडून धरली की मनगट भरून येतं, तेव्हा ई-बुक बरं. 1956 चा ह्यूगो (विज्ञानसाहित्यातला मानाचा पुरस्कार) मिळालेली 'द स्टार' आधी वाचा, आणि तिचा शेवट कुणी सांगायला लागलं तर सरळ उठून जा.